ह्या डोळ्यांनी बघितलंय

फुकट मिळालेली वस्तू राधाकिशन आधी हुंगून बघायचा. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या त्यानं कधी गिळल्या नाहीत. इलेक्शनात वाटलेली साडी त्यानं बायकोला नेसू दिली नव्हती. ‘कावून दिली आसंल?’ असं म्हणत ती पेटीत ठेवून दिली, आणि बायको गेली तेव्हा घरात दुसरं नवं लुगडं नव्हतं म्हणून तीच तिच्या अंगावर घातली. तरी त्याची खोड गेली नाही. उलट वयाबरोबर वाढली.

अशा माणसाला गावातली शाळा पोरांना दोन वेळचं जेवायला घालते हे पचणं अवघडच होतं.

दिवाळी सरली की बरडवाडी रिकामी व्हायची. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे कोयते भांडीकुंडी, शेळ्या, तान्ही लेकरं घेऊन ट्रॅक्टरांत बसायचे आणि ऊस तोडायला कृष्णाकाठच्या कारखान्यांकडं निघून जायचे. मागं उरायची म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. ह्या पोरांसाठी शाळेनं हंगामी वसतिगृह काढलं होतं. दुपारची खिचडी शाळेत, संध्याकाळचं जेवण शाळेत, निजायला मात्र आपापल्या आजा-आजीकडं.

राधाकिशननंही उभी हयात ऊस तोडला होता. खांद्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना एकदा पाय निसटला आणि उजवा गुडघा कायमचा गेला. तेव्हापासून तो दोन शेळ्या राखत गावातच असायचा. यंदा त्याचा मुलगा रामहरी आणि सून भामा उसाच्या फडावर गेली, तेव्हा तेरा वर्षांची आरोही आणि दुसरीतला रविराज त्याच्या हवाली झाले. भामा ट्रॅक्टरात चढली, पुन्हा खाली उतरली आणि पदर सावरत सासऱ्यासमोर उभी राहिली.

“मामा, आरूला फडात येऊ दिऊ नका. काय बी झालं तरी.”

“म्या कशाला धाडतोय?”

“तसं न्हवं. मी हिच्याएवढी आसताना कोयता धरला, आन् खाली ठिवलाच न्हाई. म्हणून म्हणलं.”

“बरं. न्हाई धाडत,” राधाकिशन म्हणाला. सून एवढं बोलल्याचं त्याला नवल वाटलं होतं.

आरोही सातवीत होती. सकाळी हापशावरून पाणी आणायची, शेण काढायची, भावाचं डोकं विंचरायची आणि शाळेत पळायची. संध्याकाळी परत यायची तेव्हा तिच्या ओढणीत दोन ज्वारीच्या भाकरी गुंडाळलेल्या असायच्या, कधी वर ठेचा. “शाळंतली हाय आबा, खावा,” असं म्हणून ती त्याच्या पुढ्यात ठेवायची. सगळ्या फुकटच्या वस्तूंचा वास घेणारा हा माणूस ह्या भाकरीचा वास तेवढा भूक लागलेली असल्यामुळे घ्यायचा. ती कुठून आली हे त्यानं एकदाही विचारलं नाही.

त्याचा सगळा संशय होता ईश्वरी मॅडमवर.

ही बाई लातूरकडची, मागच्या वर्षी बदलून आलेली. केजला भाड्यानं राहायची आणि स्कूटीवर ये-जा करायची. पोरं जेवायला बसली की ही फोन काढून त्यांचे फोटो घ्यायची. जेवणाऱ्याचा फोटो कुणी काढतं का? मग ती पोरांची नखं बघायची, केसांतल्या उवा बघायची, कोण खोकतंय ते विचारायची. दुसऱ्याच्या लेकरांची एवढी कळकळ पगारी माणसाला कावून आसंल, असं राधाकिशनला वाटायचं. आणि एका बाजाराच्या दिवशी, दिवस मावळताना ओढ्याच्या कडेला शेळ्या हाकत असताना त्यानं ते बघितलं. मॅडमची स्कूटी शाळेच्या मागच्या बाजूनं निघाली. पाय ठेवायच्या जागी तांदळाचं पोतं होतं, आणि पाय दोन्हीकडं फाकवून बाई गाडी सावरत होती. केजचा रस्ता डावीकडं. स्कूटी उजवीकडं वळली, युसूफ वडगावच्या दिशेनं.

राधाकिशन शेळी सोडून तसाच उभा राहिला. त्याला राग आला नाही. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं. आपलं नाक कधी चुकत नाही, असं त्याच्या मनात आलं.

हे त्यानं सांगितलं बंकटला. बंकट हा मुकादम. गावातले निम्मे कोयते त्याच्या हातचे, त्यांना हंगामाआधी आगाऊ पैशांची उचल देणारा तोच. फडावर माणूस कमी पडलं की आपल्या पिकअपमधून नेऊन सोडायचा. राधाकिशनचा गुडघा गेला तेव्हा ह्याच बंकटनं त्याला गाडीत घालून गावाला आणून सोडलं होतं. फडातला माणूस निकामी झाला की त्याला तिथून हलवायची घाई मुकादमालाच असते, हे राधाकिशनच्या कधी ध्यानात आलं नाही. जगाचा संशय घेणाऱ्या ह्या माणसानं एकाच माणसावर डोळे झाकून विश्वास टाकला होता, आणि तोही नेमका नको तिथं.

बंकट घरासमोर येऊन ओट्यावर बसला. तांदळाचं ऐकून त्यानं मान हलवली.

“म्या सांगायचं, तर तुमीच सांगितलं. पर तात्या, मी दुसऱ्याच कामानं आलतो. भामावैनीच्या हाताला कोयता लागलाय. टाकं पडलेत.”

“कवा?” राधाकिशन उठू लागला आणि गुडघा धरून पुन्हा बसला.

“परवाच्याला. घाबरायचं काम न्हाई, बोटं शाबूत हायेत. पर हात बांधलाय. रामहरी एकला पडला. अर्धा कोयता किती तोडणार? उचल तर जोडीची घेतलीय. आरूला न्यावं म्हणतोय. मोळ्या बांधंल, आईला भाकरी करून घालंल. रामहरीचा बी तसाच निरोप हाय.”

राधाकिशनला सुनेचा शब्द आठवत होता, आणि डोळ्यांपुढं तिचा बांधलेला हातही येत होता.

“सकाळी गाडी आणतो,” बंकट म्हणाला.

सकाळी पिकअप आली. आरोहीनं रात्रीच कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं, कारण बापाचा फोन तिलाच आला होता. रविराज तिच्या कमरेला मिठी मारून रडत होता. राधाकिशन दारात उभा होता. हो म्हणावं की नाही, हे त्याचं अजून ठरलं नव्हतं. गाठोडं तेवढं त्याच्या हातात होतं. तेवढ्यात शाळेकडं निघालेली मॅडमची स्कूटी आली आणि पिकअपच्या तोंडाशीच आडवी उभी राहिली.

“ही मुलगी शाळेत आहे,” ईश्वरी मॅडम हेल्मेट न काढताच म्हणाली. “तेरा वर्षांची आहे. हिला कुठं नेताय?”

“आईला भेटायला न्यायलोत मॅडम,” बंकट हसून म्हणाला. “आई बीमार हाय तिची.”

“आईला भेटायला कोयता लागतो का?” मॅडमनं पिकअपच्या सीटकडं बोट दाखवलं. तिथं नवा कोयता पडला होता, मुठीला अजून फडकंही गुंडाळलेलं नव्हतं. “मी आत्ता फोन लावते. बालमजुरीत गाडीही जप्त होते आणि मुकादमही आत जातो. लावू?”

बंकटचं हसू गेलं. ड्रायव्हरकडं वळून तो म्हणाला, “घे बे मागं गाडी.”

एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण मॅडमचं डोकं तापलेलं होतं. आजूबाजूच्या बायका घागरी घेऊन थांबल्या होत्या. त्यांच्या देखत तिनं राधाकिशनला विचारलं, “आजोबा, तुमच्या भरवशावर आईबाप लेकरं ठेवून गेले ना? तुम्ही नाही म्हणायचं सोडून गाठोडं काय उचलून देताय?”

कुणीतरी बाई तोंडाला पदर लावून हसली. राधाकिशनच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. कालची पोर, आणि चारचौघांत आपल्याला नात विकणारा ठरवून गेली. त्यानं गाठोडं तिथंच टाकलं आणि लंगडत आत गेला. आरोही राहिली, भामाला दिलेला शब्द राहिला, पण त्याचं श्रेय त्याला घेता येईना. दिवसभर त्यानं नातीशी एक शब्द काढला नाही.

संध्याकाळी बंकट पुन्हा ओट्यावर आला. आता आवाज मऊ होता.

“तात्या, तुमाला वाटतं बाईला आरूची माया आलीय? पोरं कमी झाली की शाळा बंद पडती. मग बाईची बदली कुठं आडरानात. तुमची आरू म्हंजी तिच्या पटावरला एक आकडा हाय. आकडा जपायलीय ती. वरून तांदूळ खायलीय ते येगळंच.”

“मला वाटलंच हुतं,” राधाकिशन म्हणाला. पटाचं त्याला माहीत नव्हतं, पण ते खरं वाटलं. खरं होतंही. पोरं कमी झाली तर शाळा जाणार होती, आणि मॅडमला ते ठाऊक होतं.

“पर नुसतं वाटून भागत न्हाई. मी म्हणलो तर म्हणतेल मुकादमाचा सवारथ हाय. तुमी पालक. तुमी ह्या डोळ्यांनी बघा, तांदूळ कुठं जातोय. फुडचं मी बघतो.”

राधाकिशनच्या अंगात बऱ्याच दिवसांनी हुशारी आली. शेळ्या त्यानं शेजारी बांधल्या, डोक्याला पटका गुंडाळला, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून युसूफ वडगावला गेला. बाजारात त्यानं काही घेतलं नाही. किराण्याच्या दुकानांच्या ओळीसमोर एका बंद टपरीच्या फळीवर बसून तो वाट बघत राहिला. गुडघा ठणकत होता. त्यानं दोन्ही हातांनी तो दाबून धरला होता, आणि येणाऱ्या प्रत्येक स्कूटीकडं मान ताणून बघत होता.

ऊन उतरल्यावर ती आली. मन्मथ आप्पाच्या दुकानासमोर थांबली. कपाळाला भस्म लावलेला मन्मथ आप्पा स्वतः उठून बाहेर आला, ‘या बाईसाहेब’ म्हणाला. हमालानं पोतं उचलून आत नेलं, तोंड सोडलं आणि काट्यावर ओतलं. शाळेचाच तांदूळ होता. पोत्यावरचे हिरवे शिक्के राधाकिशनला रस्त्याच्या ह्या बाजूनंही दिसले.

बास. त्याला हवं होतं ते मिळालं. जीपवाला शेवटच्या फेरीसाठी ओरडत होता. राधाकिशन फळीवरून उठला आणि पाय ओढत, पण लगबगीनं निघाला. थोडं थांबला असता तर त्याच हमालानं दुकानातून दुसरं पोतं आणून स्कूटीवर ठेवताना त्याला दिसलं असतं. पण चोर सापडल्यावर कोण थांबतं? जीपमध्ये शेजारच्या माणसाला तो विनाकारण म्हणाला, “लोकं लई हुशार झालेत बगा.”

घरी आरोहीनं भाकर पुढं ठेवली. त्यानं ती मोठ्या चवीनं खाल्ली.

बंकटनं वर काय सांगितलं, कुणाला सांगितलं, ते राधाकिशनला कळलं नाही. पण त्याच आठवड्यात केजच्या कचेरीतून शिक्षण खात्याचे साहेब जीप घेऊन आले. शाळेच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या. पोरांना वर्गात बसवलं होतं, ती खिडक्यांच्या गजांतून बघत होती. बंकट मागं, कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून उभा होता. राधाकिशनला साहेबांनी समोर बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. सरकारी खुर्चीवर तो जन्मात पहिल्यांदा बसला होता. धोतर सारखं करून तो ताठ झाला.

“आजोबा, तुम्ही स्वतः पाहिलं का? ऐकीव नको.”

“ह्या डोळ्यांनी बघितलंय सायेब. शाळंचा तांदूळ हुता. दुकानात काट्यावर ओतला. म्या समोर हुतो.”

साहेब लिहून घेत होते. आपला शब्द कागदावर उतरताना राधाकिशन मान पुढं करून बघत होता. त्याचं म्हणणं एवढ्या शांतपणे कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

“मॅडम, खरं आहे हे?”

“खरं आहे,” ईश्वरी मॅडम म्हणाली. ती उभी होती. तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. “तांदूळ मी दिला. त्याच्या बदल्यात ज्वारी घेतली, तेल घेतलं, मिरची घेतली. वसतिगृहाचे पैसे दिवाळीपासून आलेले नाहीत सर. मी तीन वेळा कळवलं. पोरं संध्याकाळी काय खाणार? दुपारी पोषण आहाराची खिचडी असते, त्यातला शिल्लक राहिलेला तांदूळ मी बदलला.”

“पैसे येतील ना. प्रक्रिया असते.”

“पोटाला कसं सांगायचं सर?”

“ते मला कळतं. पण शासनाचा तांदूळ दुकानात गेला, एवढं तर खरं ना?”

मॅडमच्या आधी बोलली ती छबुबाई. शाळेत स्वयंपाक करणारी ही विधवा बाई आतापर्यंत चुलीपाशी हात पुसत उभी होती. ती सरळ खुर्च्यांपुढं आली.

“सायेबाला नंतर बोलते, आदी ह्या तात्यालाच इचारते. काव तात्या, रोज सांच्याला तुमी भाकर खाता ती कुठली हाय? औंदा तुमच्या रानात जुंधळा पिकलाय व्हय?”

राधाकिशन तिच्याकडं बघत राहिला.

“पोरीनं तुमाला सांगितलं न्हाई? ती आपल्यातली एक खाती, दोन ओढणीत बांधती. ‘आबा घरी उपाशी हाय’ म्हणती. ह्या मॅडमनी एकदा बघितलं, आन् मला म्हणल्या, छबुबाई, आरोहीच्या दोन भाकरी जादा थापत जावा. त्या तांदळाच्या बदल्यातल्याच भाकरी हुत्या त्या! म्या थापल्यात ह्या हातानं. खाल्ल्या कुणी, तुमीच ना?”

खिडकीत पोरं दाटली होती. राधाकिशनला त्या गर्दीत आरोहीचं तोंड दिसलं, आणि लगेच ते गजापासून मागं सरकलं. त्याला वाटलं, आपण काहीतरी म्हणावं. मी पुरतं बघितलं न्हाई, असं म्हणावं. पण साहेबांनी कागद वळवून त्याच्यापुढं धरला होता, ‘इथं सही करा’ म्हणत होते, आणि मागून बंकट खाकरला. खुर्चीवर बसून दिलेला शब्द फिरवणं त्याला लाजेचं वाटलं. त्यानं वेडीवाकडी सही केली.

कोठीला कुलूप लागलं, त्यावर कागद चिकटवला. चौकशी संपेपर्यंत मॅडमला केजच्या कचेरीत बसायचा हुकूम झाला. वसतिगृह ‘तात्पुरतं स्थगित’ झालं. आहाराचा कारभार बघायला दुसरे सर येईपर्यंत दुपारची खिचडीही नाही म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी आरोहीनं डब्याचा तळ खरवडून पीठ काढलं आणि पातळ आंबील केली. ती रविराजनं पिऊन टाकली. “आजून,” तो म्हणाला. पुढच्या दिवशी शेजारणीनं चार भाकरी दिल्या, पण तिच्याही घरी अशीच तीन नातवंडं होती, आणि भाकरी देताना तिनं राधाकिशनकडं बघितलं नाही. गावात कुणीच धड बोलेना. हापशावर बायका आरोहीला पुढं नंबर द्यायच्या, आणि तो दिसला की एकदम गप्प व्हायच्या. शेळ्या घेऊन तो ओढ्याला जायचा आणि दगडावर बसून राहायचा. ह्या बायांनीही भाकरी बघितल्या असतील, मग मला आधी का सांगितलं नाही, असा संशय तिथंही त्याच्या मनात यायचा. मग आपल्यालाच विचारायला काय झालं होतं, असं वाटून तो जमिनीवर काठी आपटायचा.

एके रात्री तो आरोहीला म्हणाला, “भाकर आणायलीस तवा सांगायचं न्हाई का, कुठली ते?”

“शाळंतली म्हणलं हुतं की आबा,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोसला असता.

मग पिकअप आली. ह्या वेळी बंकट खाली उतरलाही नाही, काच खाली करून बोलला.

“काय तात्या, पोरं उपाशी मारताव का? फडावर पोटाला तरी मिळंल. रविराजला बी नेतो की, आईपाशी ऱ्हाईल.”

“त्याला न्हाई. आरूला बी न्हाई,” राधाकिशन म्हणाला. पण आवाज बसका निघाला.

“आता कोणाच्या जिवावर ठेवताव? तुमीच सायबाला म्हणलाव, शाळंत चोरी हाय. चोराच्या शाळंत नात शिकवायची? लोक काय म्हणतेल तुमाला?” मग त्यानं फोन लावून दिला. तिकडून रामहरी बोलत होता, मागं ट्रॅक्टरची घरघर होती. “आबा, पाठवा तिला. भामाच्या हाताला पू झालाय. मी एकला मरायलोय इथं.”

फोन कानाला तसाच धरून राधाकिशन उभा राहिला. ह्या वेळी स्कूटी येणार नव्हती. ती कुणी थांबवली, हे त्याच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

आरोही बाहेर आली. गाठोडं तिनं काखेत मारलं होतं. सातवीची पुस्तकं तिनं आत पत्र्याच्या पेटीवर नीट ठेवली होती. रविराजला ती शेजारणीकडं बसवून आली होती, म्हणजे त्याला जाताना दिसू नये.

“आबा, जाऊ का?” तिनं विचारलं.

तिनं विचारलं, हेच त्याला नंतर राहून राहून आठवायचं. ती त्याचं ऐकणार होती. तो नको म्हणाला असता तर गाठोडं खाली ठेवून आत गेली असती. तो म्हणाला, “जा. आईला बघ.” पिकअपची फळी उंच होती. तिचा पाय पोचेना, तेव्हा त्यानं तिच्या काखेत हात घालून तिला वर चढवलं. ती फार हलकी लागली. गाडी गेल्यावर धुरळा बसेपर्यंत तो रस्त्यातच उभा होता, आणि पहिल्यांदाच त्याला भामाची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी रविराजला छबुबाईकडं सोडून तो केजला गेला. छबुबाईनं पोराला आत घेतलं, म्हाताऱ्याला पाणी विचारलं नाही.

कचेरीच्या व्हरांड्यात ईश्वरी मॅडम एका खुर्चीवर बसली होती. समोर टेबल नव्हतं, काम नव्हतं. राधाकिशनला बघून तिचं तोंड कडक झालं.

“आता काय बघायला आलात आजोबा?”

“आरू गेली,” तो म्हणाला.

ती एकदम उठली, मग पुन्हा बसली. “कधी?”

“काल. बंकटनं नेली. तुमी फोन लावा मॅडम. त्या दिवशी लावत हुताव तसा.”

“माझ्या फोनला आता कोण विचारतं? चोरीची चौकशी चाललेली बाई सूड म्हणून मुकादमावर तक्रार करते, असंच म्हणतील.” ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. “इथं तुमचा शब्द चालतो आजोबा. साहेब आत आहेत. तुम्ही पालक, तुम्ही लिहून द्या. पण एकट्या बंकटचं नाव देऊन भागायचं नाही. आईबापानं राजीखुशीनं पाठवली असं तो सांगेल. तुम्हाला मुलाचंही नाव घ्यावं लागेल.”

राधाकिशन तिच्याकडं बघत राहिला. आपल्यामुळं बाजूला बसवलेली ही बाई आता आपल्या हातून पोराच्या गळ्याला फास लावून घेतेय का? सूडच उगवतेय का? जुनी खोड इथंही डोकं वर काढत होती. बंकट पुढच्या साली रामहरीला टोळीत घेणार नाही. गावात पोराला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. बाईला काय, ती जाईल बदलून. तो तिच्या चेहऱ्यात काही सापडतंय का ते शोधत होता. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि ती त्याच्याकडं नाही, आतल्या दाराकडं बघत होती.

“तुमच्या पटावरचा आकडा कमी झाला म्हणून म्हणायलाव का?” त्यानं विचारूनच टाकलं.

“असेल तसंही,” मॅडम थकून म्हणाली. “तुम्हाला काय वाटायचं ते वाटू द्या. पण पोर तिथं आहे आजोबा. दिवस जातायत.”

तो वळला. भिंतीला धरून, गुडघा सरळ करत, दारापर्यंत गेला. साहेबांनी त्याला ओळखलं, ‘या, बसा’ म्हणाले. तो बसला नाही.

“सायेब, माझी नात फडावर नेलीय. तेरा वर्साची हाय. आरोही तिचं नाव.”

“कुणी नेली?”

“बंकट मुकादमानं. गाडी त्याचीच.”

“पाठवायला कुणी सांगितलं?”

“तिच्या बापानं. रामहरी. माझा पोरगा हाय.”

साहेबांनी वर बघितलं आणि कागद पुढं ओढला. “मुलाविरुद्ध देताय तक्रार? विचार करा. ऐकीव तर नाही ना? नेताना तुम्ही पाहिलं?”

“बघितलं.”

“तिला गाडीत कुणी बसवलं?”

राधाकिशननं दोन्ही हात टेबलावर टेकले.

“म्या बसवलं, सायेब,” तो म्हणाला. “पयलं नाव माझंच लिवा.”